पोहणं की पाठ टेकून सायकल: मार्फनवाल्याचा कौल

वजनं उचलायची नाहीत, दम कोंडून जोर लावायचा नाही, अंगाला अंग भिडणारे खेळ बंद आणि स्कूबा डायव्हिंगचं तर नावही काढायचं नाही. मार्फन (शरीर बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा जन्मजात आजार; त्यात सांधे सैल असतात आणि महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, रुंदावून फाटू शकते) किंवा त्याच्या भावकीतलं काही निदान झालं असेल, तर ही यादी एव्हाना तुम्हाला पाठ असेल. अडतं ते पुढे. मग करायचं काय? चालणं मी जमेस धरत नाही, ते हवंच. पण माझे तळवे सपाट आहेत, अर्ध्या तासात घोटे आत कलंडायला लागतात. त्यामुळे माझ्यापुढे दोनच पर्याय उरले होते: तरण तलाव, नाहीतर पाठीला टेकू असलेली जागची सायकल. दोन वर्षं पोहलो, आता तिसरं वर्ष सायकलवर चालू आहे.

हे सगळं माझ्या शरीरापुरतं आहे, हे आधीच सांगतो. माझ्या महाधमनीचं मूळ ४.१ सेंटीमीटर आहे. मार्फनमध्ये साधारण ५ च्या आसपास शस्त्रक्रियेचा विषय निघतो, म्हणजे अजून थोडी मोकळीक आहे. त्याच भावकीतल्या लोईस-डीट्झ आजारात महाधमनी याहून कमी रुंदीलाही फाटू शकते. एहलर्स-डॅनलॉस आजाराच्या रक्तवाहिन्यांवर येणाऱ्या प्रकारात तर रुंदी न वाढताही फाटू शकते. हे आजार असलेल्यांनी माझा शब्द प्रमाण मानू नये, इको (हृदयाची सोनोग्राफी) बघणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं.

काहीच न करता बसून राहणं हा तिसरा पर्याय अनेकांना सुरक्षित वाटतो. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ साली सामना चालू असताना कोसळून गेली आणि तिला मार्फन होता हे नंतर कळलं. असं काही वाचल्यावर भीती बसणारच. पण मार्फनच्या उंदरांना माफक पळवल्यावर त्यांच्या महाधमनीचं रुंदावणं कमी झालेलं दिसलं आहे. माणूस उंदीर नाही, कबूल. तरी माझ्या डॉक्टरांनी खुर्चीतून उठवलं, ते बरंच झालं.

तर पोहणं. सांध्यांसाठी त्याला तोड नाही. पाण्यात उतरलो की पाठीची कुरकुर थांबायची, ते सुख सायकलनं कधी दिलं नाही. उभं राहिलं की ज्यांना चक्कर येते, नाडी धावायला लागते, त्यांना आडवं पोहणं अधिकच मानवतं, कारण पाण्याच्या दाबामुळे रक्त पायात साचून राहत नाही. खांद्याचा प्रश्न मात्र आहे. फ्रीस्टाइलमध्ये माझा उजवा खांदा महिन्यातून एकदा तरी अर्धवट निसटायचा. पाठीवर पोहून मी ते निभावून नेलं असतं.

निभावता आलं नाही ते वेगळंच. मी अ‍ॅटेनोलॉल घेतो, म्हणजे हृदयाची गती आणि रक्तदाब कमी ठेवणारं बीटा ब्लॉकर गटातलं औषध. बीटा ब्लॉकरवर नाडी फारशी चढतच नाही, त्यामुळे घड्याळातला आकडा बघून आपण किती ताणतोय हे कळत नाही. विसंबायचं एकाच गोष्टीवर: बोलता येतंय का? अख्खं वाक्य एका दमात म्हणता आलं तर ठीक, तुटलं तर वेग जास्त. आता पाण्यात तोंड बुडवून कुणाशी बोलणार? तिथे श्वास हाताच्या फेकीला बांधलेला असतो, धाप लागली तरी ती पोहण्याचाच भाग वाटते. त्यातून मागून पोहत येणारा पुढे जायला म्हणून पायाच्या बोटांना हात लावतो, की आपण नकळत जोर काढतो. एकदा कडेला येऊन टेकलो. शेजारच्यानं सहज विचारलं, "किती फेऱ्या झाल्या?" मला "अठरा" म्हणायचं होतं. तोंडातून "अठ्" एवढंच निघालं, उरलेलं शोधायला दोन श्वास लागले. घड्याळ निवांतपणे ९६ दाखवत होतं. त्या दिवसापासून पोहण्यावरचा माझा भरवसा उडाला तो उडालाच.

पाणी गार असेल तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो, शिवाय मानेपर्यंत पाण्यात असताना छातीकडे जास्त रक्त येतं. म्हणजे आपल्याला हलकं वाटत असताना हृदय मात्र कामाला लागलेलं असतं. रुंदावलेल्या नळीत त्याच दाबाला भिंतीवर जास्त ताण येतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सायकलवर मी एकोणिसाचा पाढा म्हणतो, मोठ्यानं. "एकोणीस सत्ते" पर्यंत आवाज सपाट राहिला तर चालू ठेवायचं, मध्येच गिळावा लागला तर पायडल हलकं करायचं. घरचे हसतात. पण मला लागणारं मोजमाप हेच आणि ते दर मिनिटाला मिळतं. थांबावंसं वाटलं तर थांबता येतं, मागे कुणी नसतं.

कंटाळा मात्र भयंकर. भिंतीवरचा एक डाग मला आता नकाशासारखा पाठ झालाय. हातात मूठ असली की ती आवळत राहण्याची खोड लागते. असं आवळून धरणंही आपल्याला नकोच, म्हणून मी हात मांडीवर ठेवतो. पोहण्यात जो आनंद होता, तो इथे नाही. पाण्यात वाढलेल्या, स्वतःचा दम ओळखणाऱ्या माणसाला मी तलाव सोडायला सांगणार नाही. पण नव्यानं सुरुवात करत असाल आणि बीटा ब्लॉकर चालू असेल, तर मी तरी सायकलकडे बोट दाखवीन.

घेण्याआधी बूट घालून बसून बघा. आपले पाय लांब. माझी पहिली सायकल सीट शेवटच्या भोकात सरकवूनही गुडघे हनुवटीशी आणायची, ती परत करावी लागली. उलट सीट फार मागे गेली, तरी सैल गुडघा ताठ होऊन मागे वाकतो. पायडल सर्वांत लांब असताना गुडघ्यात किंचित बाक राहिला पाहिजे.