सायकल मार्गासाठी जमीन विकत घ्यावी की फक्त वहिवाटीचा हक्क?

मार्गाची आखणी झाली, पण मधली पट्टी खासगी मालकीची. अशा वेळी पालिकेपुढे दोन वाटा असतात: पट्टी विकत घेणं, किंवा फक्त वहिवाटीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरून ये-जा करण्याचा, हक्क घेणं.

खर्चात वहिवाटीचा हक्क सहसा स्वस्त. मालकी मूळ मालकाकडेच राहते, मोबदला फक्त वापराचा. खरेदीत पूर्ण किंमत मोजावी लागते, शिवाय पोटहिश्श्याची (वेगळ्या काढलेल्या तुकड्याची) मोजणी आणि फेरफार (मालकीच्या नोंदीतला बदल) आलेच.

टिकाऊपणात मात्र खरी मेख आहे. हक्क कायमचा आणि नोंदणीकृत असेल तर जमीन विकली गेली तरी तो नव्या मालकावर बंधनकारक राहतो. नुसती परवानगी असेल तर ती मालक सहसा मागे घेऊ शकतो. तिच्या भरवशावर डांबर टाकू नये. जमीन गहाण असेल तर बँकेची लेखी संमती आधीच घ्यावी, नाहीतर जप्तीत हक्कच बुडण्याची भीती. दस्तात रुंदी, दिवे, जलवाहिनी, दुरुस्तीसाठी प्रवेश हे सगळं स्पष्ट हवं. लिहिलं नसेल ते पुढे वादात जातं.

देखभाल दोन्हीकडे पालिकेचीच.

शेताच्या किंवा सोसायटीच्या कडेने जाणाऱ्या अरुंद पट्ट्याला वहिवाट पुरे. पूल, भुयारी मार्ग किंवा पार्किंग बांधायचं असेल तर सरळ खरेदी करावी.