६० लिटरचा नॅनो रीफ टँक: ११ महिन्यांनंतर (आणि त्या मागच्या तिसऱ्या कप्प्याबद्दल)

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, नॅनो म्हणजे छोटा. वर्ष पूर्ण झाल्यावर लिहिणार होते, पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडला आणि राहवेना. बाहेर ४०, हॉलमध्ये ३४, दुपारी तीनला टँकचं पाणी ३०.२. दुकानदाराला फोन केला तर पहिला प्रश्न, "मॅडम, मूळ खोकं आहे ना?" खोकं मी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिलं होतं, ११ रुपये किलोने. वॉरंटी चिलरची की खोक्याची, असं विचारलं. उत्तर आलं की मूळ थर्माकोलसह पाठवलं नाही तर वाटेतल्या नुकसानीची जबाबदारी तुमची. शेवटी मिक्सरच्या आणि शेजाऱ्यांच्या एअर फ्रायरच्या खोक्यांना एकत्र चिकटवून, आत जुन्या गोधडीचे तुकडे भरून पाठवला. कुरियर ९०० रुपये, माझ्याच खिशातून.

आता टँकबद्दल. मागे फिल्टरचे तीन कप्पे असलेला ऑल-इन-वन काचेचा टँक, बाकी स्पेसिफिकेशन सगळीकडे मिळतात, ती सांगत बसत नाही. काच स्वच्छ आहे, सिलिकॉनचं काम नीट आहे, लाइट अपेक्षेपेक्षा चांगला. कोणी आला की आधी टँकपाशी जातो, मग चहा. एवढं कौतुक पुरे.

तिसरा कप्पा. पाणी पुढून मागे येतं, पहिल्या कप्प्यात स्पंजमधून, दुसऱ्यात बॅक्टेरियांसाठी ठेवलेल्या दगडी मीडियातून, आणि तिसऱ्यातला पंप ते परत पुढे ढकलतो. वाफ होऊन पाणी कमी झालं की पुढच्या काचेत काहीच दिसत नाही, पातळी फक्त या तिसऱ्या कप्प्यात उतरते. म्हणजे ६० लिटरच्या टँकची सगळी घट एका अरुंद फटीत जमा होते. भरल्याच्या रेषेपासून पंप हवा ओढायला लागेपर्यंत किती पाणी मावतं, ते मी मोजपात्राने मोजलंय: अडीच लिटर. पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी थंड करायला त्यावर पंखा लावला की दिवसाला दीड ते पावणेदोन लिटर उडतं. हिशेब तुम्हीच करा. २१ हजारांच्या वस्तूने मला सलग दोन रात्री घराबाहेर राहायची परवानगी दिलेली नाही. तो कप्पा चार बोटं रुंद केला असता तर काच कितीची लागली असती?

उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. हे शाळेत शिकलेलं असूनही पहिले तीन आठवडे मी घट भरून काढायला खारं पाणीच ओतत होते. समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच पाणी घालणार ना, असा सरळ विचार. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेतला तेव्हा आकडा (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०३१. हवा असतो १.०२५-१.०२६, म्हणजे हजारात ३५ भाग मीठ. नशीब, तेव्हा आत दगड, वाळू आणि बॅक्टेरियांशिवाय कोणी नव्हतं. नवीन लोकांनी त्याऐवजी स्वस्त हायड्रोमीटर घेऊन पैसे वाचवायला जाऊ नये, सरळ रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो ३५च्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावून घ्यावा. मी वाचवायला गेले होते, शेवटी हायड्रोमीटरही घेतला आणि रिफ्रॅक्टोमीटरही.

सासूबाई मूळच्या मालवणच्या. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मीठ मोजते हे बघून त्यांना पहिला महिना हसू आवरत नव्हतं. "आमच्याकडे एवढो समुद्र पडलो हा, आणि तू मीठ विकत घेवन पाणी खारवतंस?" मुद्दा चुकीचा नाही. लिटरला साधारण ३७ ग्रॅम मीठ, दर आठवड्याला सहा लिटर पाणी बदलायचं, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. आणि हे घरातलं मीठ चालत नाही, सैंधवही नाही. त्यात सोडियम क्लोराइड सोडून फारसं काही नसतं, कोरलला कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट सगळं लागतं. बरं, मालवणहून कॅन भरून आणावा तर पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्यात नदीचं गोडं पाणी आणि गाळ मिसळतो, बंदरालगत डिझेलचा तवंग. खोल समुद्रातून कोण आणून देणार? बादलीतलं मीठ घेते आणि गप्प बसते.

त्यांचा खरा राग कोळंबीवर होता. नव्या टँकमध्ये मासे सोडण्याआधी त्यात अमोनिया तयार व्हावा लागतो, म्हणजे तो खाणारे बॅक्टेरिया वाढतात, अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट होतं. बाटलीतला अमोनिया मिळाला नाही म्हणून मी बाजारातून एक मोठी कोळंबी आणली आणि जुन्या मोज्यात बांधून टँकमध्ये कुजत ठेवली. चौथ्या दिवशी हॉलला मासळीबाजाराचा वास. "चांगली सुंगटा कुजवन टाकलंस गो!" एकच होती म्हटलं, तरी ऐकायला तयार नाहीत. नायट्राइट शून्यावर यायला पाच आठवडे आणि दोन दिवस लागले. या काळात करण्यासारखं काहीच नसतं आणि तेच सगळ्यात अवघड असतं. मी रोज चाचणी करत बसले आणि ३,५०० रुपयांचा टेस्ट किट निम्मा संपवला. आठवड्यातून दोनदा पुरे होती.

पाण्याचं एक सांगते, कारण ही चूक आपल्याकडे घरोघरी होणार. पहिल्यांदा टँक मी स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने भरला. आरओ म्हणजे शुद्ध, प्रश्न मिटला. ऑगस्टमध्ये दगडांवर शेवाळाचे हिरवे केस उगवले, दात घासायच्या ब्रशने खरवडायचे आणि चार दिवसांत पुन्हा हजर. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर लावला तर शुद्ध पाण्याचा आकडा ७४. घरच्या आरओमध्ये चवीसाठी न गाळलेलं पाणी थोडं परत मिसळायची सोय असते, आणि आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं. पिण्याला ७४ उत्तम, टँकला शून्य हवं. आता आरओच्या पुढे उरलेले क्षार काढून घेणारं डीआयचं नळकांडं जोडलंय, आकडा शून्य येतो. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला वापरते, तेवढंच समाधान.

परत कप्प्याकडे. गेल्या वर्षी गणपतीला आम्ही सगळे मालवणला. पावसाळी हवा, पंखा बंद, रोजची घट जेमतेम सहाशे मिली. अडीच लिटर चार दिवस पुरतील, पाचव्या दिवशी आपण घरी, असं गणित मांडून निघालो. घाटात दरड, सहा तास खोळंबा, घरी पोचायला रात्रीचे दीड. दार उघडलं तर पंपाचा कोरडा घरघराट, हात लावला तर चटका. पाणी हलतं ठेवणारा वेव्हमेकर पुढे चालू होता म्हणून दोन्ही क्लाउन मासे जिवंत. पंपाचे १,८०० गेले. मी बॅगा न उघडता टँकपाशी बसून होते, आणि नवरा "झोप आता" एवढंच म्हणून आत गेला. त्याचं म्हणणं होतं की दोष टँकचा नाही, दरडीचा. मला ते आजही पटलेलं नाही.

मग ऑटो टॉप-ऑफ घेतला. कप्प्यात एक तरंगता स्विच, पाणी उतरलं की तो खाली येतो आणि शेजारच्या कॅनमधला छोटा पंप पाणी भरतो. तीन आठवडे स्वर्ग होता. मी सगळ्यांना सांगत सुटले होते की घ्या, डोळे मिटून घ्या. मग एका पहाटे ट्रोकस गोगलगाय पार्टिशन चढून कप्प्यात उतरली आणि नेमकी त्या स्विचवर जाऊन बसली. तिच्या वजनाने स्विच खाली, स्विचच्या मते पाणी कमी, पंप चालू. वीस लिटरच्या कॅनमधलं आठ-नऊ लिटर आत गेलं, तेवढंच खारं पाणी हॉलभर. खारटपणा १.०२३वर आला होता, तो तीन दिवस हळूहळू वर आणला. सोफ्याचा एक पाय फुगलेला आहे, तो कायमचा. रुंद कप्प्यात स्विचला जाळीचं कुंपण करता आलं असतं. इथे पंप आणि स्विच बसल्यावर बोट जात नाही.

ऑक्टोबरमध्ये चिलर आला, १९,५०० रुपये. पंखा बंद, घट निम्म्यावर, आणि दोनेक महिने मी कप्प्याला शिव्या देणं जवळजवळ थांबवलं. राग वीजबिलाकडे वळला. आमचं घर दरमहा अडीचशे युनिटच्या आसपास असतं, चिलरने ते तीनशेच्या वर नेलं, आणि तीनशे ओलांडले की महावितरणचा चढा दर. एका माशासाठी सगळ्या घराचा दर वाढवलास, असं नवऱ्याने ऐकवलं. (मासे दोन आहेत.) नंतर बिल नीट वाचलं तेव्हा कळलं की चढा दर फक्त तीनशेच्या वरच्या युनिटना लागतो. तो वाद मी जिंकले.

हीटरची माफी मागायची आहे. टँकसोबत पन्नास वॉटचा हीटर फुकट आला होता. पुण्यात मासे उकडायला दिलाय का, म्हणून मी ओएलएक्सवर टाकला, कोणी दोनशेलाही घेईना. डिसेंबरमध्ये एका सकाळी पाणी २१ अंश, झोआ (फुलांसारखे उघडणारे मऊ कोरल) मिटून बसलेले, मासे कोपऱ्यात. दुपारी तेच पाणी २६. कोरलला एकच तापमान थोडं कमी-जास्त चालतं, हा रोजचा झोका नाही. हीटर शोधून काढला. मागे मावेना (कुठे, ते सांगायला नको), म्हणून पुढे काचेला लावला. क्लाउनच्या जोडीला मी अ‍ॅनिमनी (समुद्रात ते ज्यात घर करतात तो फुलासारखा प्राणी) दिलेला नाही, नवशिक्याने देऊही नये. त्यांनी हीटरच्या रबरी चकतीलाच घर मानलं. रात्री तिथेच अंग घासत झोपतात. हिवाळा संपला तरी हीटर काढता येत नाही, बंद करून लावून ठेवलाय.

कोरलमध्ये झोआ, मशरूम आणि झेनिया एवढेच, सगळे मऊ. एका दुकानात "रामेश्वरम साइडचा" ताजा दगड दाखवला होता, त्यावर खऱ्या प्रवाळाची कडक बशी. स्वस्त होता. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आपल्याकडचे सगळे कठीण प्रवाळ आहेत, वाघाच्या पंगतीत. मी कोरडा दगड घेतला. क्लाउनही हॅचरीतलेच मागा, मंडपम आणि विळिंजमला सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) त्यांची पैदास केव्हाच साधली आहे, समुद्रातून धरलेले घेण्याचं कारण नाही. आणि झोआ कापताना हातमोजे घाला. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, ते गमतीचं नाही.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा चिलर गेलेला होता. आता १७ दिवसांनी परत आलाय, म्हणून वरच्या रागातलं थोडं मागे घेते. त्यांनी आतल्या जाळीचा फोटो पाठवला, त्यावर गोधडीइतका जाड धुळीचा थर. पंखा त्यामुळे अडकून जळला. चिलर मी टँकखालच्या कपाटात दार लावून ठेवला होता, बिचारा स्वतःचीच गरम हवा ओढत होता. धूळ वॉरंटीत बसत नाही म्हणून १,१५० घेतले. हे त्यांनी फोनवर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, खोक्याच्या आधी, तर मीच जाळी साफ केली असती. कपाटाचं दार आता काढलंय. ब्रशने जाळी महिन्याला झाडा, कोणी सांगत नाही.

त्या १७ दिवसांत पंखा, आणि आरओचं पाणी गोठवलेल्या बाटल्या दिवसातून तीनदा तरंगत्या. पाणी २८.५च्या वर जाऊ दिलं नाही. झेनिया वितळून गेली, बाकी सगळे टिकले. गुरुवारी महावितरणची वीज दुरुस्तीसाठी जाते, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप. पण पंखा आला म्हणजे पावणेदोन लिटर आले, आणि मी ऑफिसात. मग सासूबाई म्हणाल्या, मी घालतय.

पहिल्या दिवशी त्या देवघरातला तांब्या घेऊन आल्या, रात्रभर भरून ठेवलेला, तांब्याचा. "शुद्ध पाणी आसा." मी अक्षरशः ओरडले. तांबं म्हणजे गोगलगायी, मशरूम, झोआ सगळ्यांना विष, एकदा दगडात मुरलं की निघत नाही. त्या दुखावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच स्टीलचा शोधून आणला आणि त्याने मापून बघितलं: दोन तांबे आणि वर घोटभर. कप्प्याच्या काचेवर मी नेलपॉलिशने रेघ मारून दिली आहे. आंघोळ, तुळस, मग हे. चिलर परत आल्यावर एक तांब्याही पुरतो, पण त्यांनी सोडलेलं नाही, आणि ऑटो टॉप-ऑफ मी खोक्यात घालून माळ्यावर टाकलाय. त्याचं खोकं ठेवलंय.

रेटिंग विचारलंत तर टँकला साडेतीन, कप्प्याला शून्य. यंदा गणपती मोठे आहेत, घराण्याचा मान आमच्याकडे, सासूबाईंशिवाय मालवणात पान हलणार नाही. पुण्यात कोण थांबणार हे अजून ठरलेलं नाही. नवरा म्हणतो, तुझा टँक आहे.