अभ्यासदौरा: फोर्ट की आयआयएम अहमदाबाद?

वास्तुकलेचा अभ्यासदौरा एकाच ठिकाणी नेता येणार असेल, तर आधी आखणी बघा. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट परिसराचे नकाशे इंग्रज वास्तुकार गिल्बर्ट स्कॉटने लंडनहून पाठवले. तो इथे फिरकलाच नाही. दीक्षान्त सभागृह १८७४चं, राजाबाई टॉवर १८७८चा. देखणं काम, पण संकुल म्हणावं असं थोडंच. अमेरिकन वास्तुकार लुई कानने मात्र आयआयएम अहमदाबादमध्ये १९६२ पासून वर्ग, ग्रंथालय, वसतिगृहं एकत्र गुंफली.

टिकाऊपणात फोर्टचा दगड सरस. आयआयएममध्ये विटांच्या कमानींचा बाहेरचा रेटा काँक्रीटच्या आडव्या तुळया धरून ठेवतात, ते जवळ जाऊन बघाच. पण विटकामातली सळई ओलीने गंजली, फुगली आणि विटा तडकल्या. २०२० मध्ये १८ पैकी १४ वसतिगृहं पाडायचा प्रस्ताव आला, विरोध झाल्यावर मागे घेतला गेला.

घडीव दगड नि कोरीवकाम शिकायचं तर फोर्ट. आखणी आणि दुरुस्तीची डोकेदुखी समजून घ्यायची तर अहमदाबाद.