सुट्टीतील अभ्यासिका : पुण्यातील एका ग्रंथालयाच्या उपक्रमाचा अनुभव

माझी मुलगी यंदा आठवी उत्तीर्ण होऊन नववीत गेली. ती अभ्यासात चांगली आहे, परंतु कोणी समोर बसल्याखेरीज तिचे पुस्तक उघडत नसे. शाळेतल्या बाई, शिकवणीचे सर आणि घरी मी, अशा तिघांच्या सूचनांवर तिचा दिवस चाले आणि सुट्टी लागली की सूचनांबरोबर अभ्यासही थांबे. म्हणून मे महिन्यात आमच्या घराजवळील एका सार्वजनिक ग्रंथालयाने सातवी ते नववीच्या मुलांसाठी चालवलेल्या अभ्यासिकेत तिचे नाव घातले. आठवड्यातून पाच दिवस, सकाळी आठ ते साडेदहा, असे चार आठवडे; शुल्क सहाशे रुपये. येथे कोणीही शिकवणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगण्यात आले. ते ऐकून काही पालक नाराज झाले. मला मात्र नेमके तेच हवे होते.

आल्याबरोबर प्रत्येक मुलाने आज आपण काय करणार ते स्वतःच्या वहीत लिहायचे आणि निघताना त्यातले काय झाले व काय अडले याची नोंद करायची, हा येथील मुख्य नियम. वही कोणी तपासत नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या मुलीने रोज ‘गणित पूर्ण करणे’ असे लिहिले आणि रोज ते अपुरे राहिले. तिसऱ्या आठवड्यातील नोंद ‘बैजिक राशींचे अवयव, सरावसंचातील चार उदाहरणे’ अशी होती आणि तिच्यापुढे बरोबरची खूण होती. आपल्याला अडीच तासांत किती झेपते याचा अंदाज तिला आजवर कधी करावाच लागला नव्हता, कारण तो नेहमी आम्ही मोठी माणसे करत आलो होतो. नववीच्या गणितात पुढे बहुपदी हे प्रकरण येते आणि आठवीतले अवयव कच्चे असतील तर ते जड जाईल, हेही तिने बालभारतीच्या संकेतस्थळावरून नववीच्या पुस्तकाची पीडीएफ उतरवून, अनुक्रमणिका चाळून स्वतःच शोधले. ती प्रत विनामूल्य मिळते. नव्या पुस्तकांची वाट पाहत जून उजाडू देण्याचे कारण नाही.

अडलेले उदाहरण लगेच विचारण्याची मुभा नाही. आधी पंधरा मिनिटे स्वतः झगडायचे, मग शेजारच्या मुलाला विचारायचे आणि तरीही सुटले नाही तर तेथे बसणाऱ्या निवृत्त शिक्षिकांकडे जायचे. त्या बाई उत्तर सांगत नाहीत. “तू कुठपर्यंत आलीस ते दाखव” एवढेच म्हणतात. इतका संयम मला घरी कधी साधला नाही, आणि या उपक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते.

दुसरी उपयुक्त गोष्ट म्हणजे पाच कप्प्यांची पुठ्ठ्याची पेटी. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर ती आधारलेली आहे. चिठ्ठीच्या एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहायचे; उत्तर आठवले तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकले तर पुन्हा पहिल्या कप्प्यात येते आणि पुढचे कप्पे अधिकाधिक दिवसांच्या अंतराने उघडायचे असतात. पाठ झाले असे वाटणे आणि खरोखर आठवणे यांतला फरक यामुळे मुलांना स्वतःलाच दिसतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही हेच आढळले होते: पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, तर आठवडाभरानंतरच्या चाचणीत न पाहता आठवून लिहिणारे. इंग्रजी शब्द आणि विज्ञानातल्या व्याख्या यांसाठी पेटी उत्तम ठरली. भूमितीच्या सिद्धतांना ती फारशी लागू पडली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मात्र संयोजकांनी भिंतीवर एक फलक लावला आणि कोणी किती तास अभ्यास केला ते नावानिशी लिहू लागले. हेतू उत्तेजन देण्याचाच होता, हे मला मान्य आहे. परंतु त्याच दिवसापासून मुले वहीपेक्षा घड्याळाकडे अधिक पाहू लागली आणि माझी मुलगी सोपी उदाहरणे पुन्हा पुन्हा सोडवत जागेवर बसून राहू लागली. आम्ही तीन पालकांनी विनंती केल्यावर चौथ्या आठवड्यात फलक काढला गेला. तो लावायलाच नको होता. जी वही कोणी तपासत नाही तिच्यात मूल खरे लिहिते, आणि फलकाने तोच खरेपणा हिरावून घेतला.

पंखे पुरेसे आहेत, पिण्याचे पाणी थंड असते आणि मोबाइल दाराशी जमा करावा लागतो. दहावीच्या मुलांना या अभ्यासिकेत प्रवेश नाही. ज्या मुलाला मुळात वाचनच अडखळत येते त्याला येथे एकट्याने बसवणे योग्य होणार नाही. त्याला शेजारी बसून शिकवणारे माणूसच हवे. दिवाळीच्या सुट्टीत दोन आठवड्यांची तुकडी निघणार आहे. त्यासाठी आम्ही नाव दिले आहे आणि फलक नसावा, असे अर्जाच्या मागे लिहून दिले आहे.

शाळा सुरू होऊन महिना झाला. पेटी मुलीच्या टेबलावर आहे आणि तिचा पाचवा कप्पा कधी उघडायचा, ते मला माहीत नाही. तिला माहीत आहे.