चोरबाजारातला टी-सेट: बोन चायना की चांदीच्या मुलाम्याचा?

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, दोन्ही मिळतात. शुक्रवार सोडून जा. बोन चायनाचा कप उजेडात धरला की मागच्या बोटांची सावली दिसते. नखाने टिचकी मारा: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज म्हणजे केसाएवढी चीर, आणि गरम चहाने ती वाढते. तळाशी ‘इंग्लंड’ असेल तर माल साधारण १८९१ नंतरचा. त्याआधीचा म्हणून कुणी विकत असेल तर पुढे चला.

‘ईपीएनएस’ (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) छापाच्या किटलीत चांदी फक्त वरच्या थरात. आत तांबं, जस्त, निकेल. कडा पिवळट दिसल्या की मुलामा उडालाय. मुंबईच्या दमट हवेत ती लवकर काळवंडते, आणि प्रत्येक पॉलिशला थोडी झिजते. रबरबँड लावून ठेवू नका, त्यातल्या गंधकाने डाग पडतात.

वापरायचं असेल तर बोन चायनाच घ्या. सोनेरी काठ असेल तर मायक्रोवेव्ह नको.