कबरीच्या फोटोत चिकटवलेलं नाव

पूर्वजांचा शोध लावून देतो असं सांगणाऱ्या एका माणसाने आमच्या घराला फसवलं. पणजोबा नोकरीसाठी दूर गेले आणि तिकडेच वारले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिथल्या ग्रंथालयात आणि दफनभूमीत स्वतः जाऊन नोंदी काढतो म्हणून त्याने सगळी रक्कम आगाऊ घेतली. थोड्याच काळात कबरीच्या दगडाचा फोटो आला, दफनाच्या नोंदीचा टाइप केलेला उतारा आला, आणि पाठोपाठ एका उमराव घराण्यापर्यंत पोचणारी वंशावळ, वर त्या घराण्याच्या ढालीवरच्या मानचिन्हासकट. आईने तो फोटो फ्रेम करून लावला. त्यामुळेच माझा राग अजून जात नाही.

फोटो मोठा करून पाहिला तेव्हा शंका आली. दगडावरचे दगडफुलाचे चट्टे तारखेवरून, खालच्या ओळीवरून पसरत गेले होते. नावापाशी मात्र कापल्यासारखे थांबत होते. नावाच्या अक्षरांना खोली नव्हती, सावली नव्हती. इंटरनेटवर चित्रावरून शोध घेतला, तर तोच दगड सापडला. तोच तडा, तेच गवत, नाव वेगळं. स्वयंसेवक दफनभूम्यांतून फिरून असे फोटो काढतात आणि ‘फाइंड अ ग्रेव्ह’सारख्या संकेतस्थळांवर सगळ्यांसाठी ठेवतात. तसल्याच एका फोटोवर त्याने आमच्या पणजोबांचं नाव चिकटवलं होतं. ज्यांचं माणूस त्या दगडाखाली आहे, त्यांचाही हा अपमानच.

मग तिथल्या ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहास विभागाला मी पत्र लिहिलं. ग्रंथपाल बाईंनी एक पैसाही न घेता दफनाची मूळ नोंदवही काढून पाहिली. उताऱ्यातला कबर-क्रमांक दफनभूमीच्या ज्या भागातला, तो भागच पणजोबा वारल्यानंतर कित्येक वर्षांनी खुला झालेला! खरी नोंद त्यांनी अख्ख्या पानासकट पाठवली. पणजोबा सामाईक कबरीत आहेत, वर दगड नाही. पुष्कळांचं असंच असतं. दगडाला पैसा लागतो, नोंदवहीत मात्र गरिबाचंही नाव येतं. दगड नसणं ही सुद्धा माहिती आहे, आणि प्रामाणिक संशोधक ती तशीच कळवतो. कुठली वही पाहिली, कशात काहीच मिळालं नाही, हे त्याच्या अहवालात असतं. आमच्या हाती आलेल्या कागदांत एकही जागा रिकामी नव्हती.

मानचिन्हाची वंशावळ हा तर जुनाच धंदा. गुस्ताव आंजू (१८६३–१९४२) नावाच्या स्वीडनहून आलेल्या माणसाने श्रीमंत अमेरिकी घराण्यांना अशा वंशावळी करून विकल्या. खऱ्या नोंदींत तो बनावट नोंदी मिसळायचा, म्हणून त्या पटायच्या. आमच्या वंशावळीतल्याही अलीकडच्या पिढ्या खऱ्याच होत्या, कारण ती नावं आम्हाला फसवणाऱ्याला आम्हीच पुरवली होती.

डेटाबेसची फी म्हणूनही त्याने वेगळे पैसे लावले होते. ‘फॅमिलीसर्च’ या पूर्वजांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर शोध घ्यायला पैसे पडत नाहीत. १९१७ साली स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत दोन्ही महायुद्धांत मेलेले राष्ट्रकुलातले सैनिक कुणालाही शोधता येतात. जे डेटाबेस विकतचे आहेत, तेही बरीच ग्रंथालयं वाचकांना आपल्या आवारात फुकट वापरू देतात. कुणाला काम द्यायचंच असेल तर टाइप केलेला उतारा घेऊ नका. वहीचं नाव, पान क्रमांक आणि पूर्ण पानाचा फोटो मागा. कबरीचा फोटो शेजारच्या कबरी दिसतील असा लांबूनही काढायला सांगा. हे मागितल्यावर जो चिडतो, त्याला पैसे देऊ नका.

मी तक्रार दिली आहे. त्याचा फोन आता लागत नाही. खोटी वंशावळ मात्र आमच्या नातेवाइकांनी आपापल्या ऑनलाइन वंशवृक्षांत चढवली आणि तिथून अनोळखी लोकांनी उचलली. एकेकाला नोंदवहीचं पान पाठवून ती काढून टाकायची विनंती करतो आहे. काहींनी काढली, काहींना त्या उमरावाला सोडवत नाही.