पेंडंटसाठी खडा : रतनपूरचा अकीक की पुण्याचा हिरवा अपोफिलाइट?

अकीक (अ‍ॅगेट) आणि अपोफिलाइट हे स्फटिक खनिज, दोघांचंही मूळ दख्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांतच, पण कारागिराच्या हातात दोघं अगदी वेगळे वागतात.

अकीक कठीण, मोह्‌स मापावर (खनिजांची कठीणता मोजणारी १ ते १० ची श्रेणी) ६.५ ते ७. मण्याला भोक पाडताना हिऱ्याचा ड्रिल पाण्याखाली चालवा आणि दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत या. एकाच बाजूने आरपार गेलात तर पलीकडच्या तोंडाशी कपची उडते. पिवळट अकीक सावकाश तापवला की आतल्या लोहामुळे लाल होतो. घाई केली तर तडकतो. भरूचजवळच्या रतनपूरला या धंद्याचा पीर आहे, बाबा घोर. सिद्दी हा आफ्रिकी वंशाचा समाज त्यांना अकीकच्या मण्यांचा आद्य पुरुष मानतो.

अपोफिलाइट पुण्याच्या पाषाण नि वाघोली या भागांतल्या खाणींत आणि विहिरींच्या खोदकामात सापडत आला आहे. हिरवा रंग व्हॅनेडियम या धातूच्या अंशाचा. दिसायला देखणा, पण कठीणता जेमतेम ४.५ ते ५, आणि एका दिशेत पापुद्र्यासारखा सरळ फुटतो. खडा धरणाऱ्या धातूच्या नखीचा जरा जास्त दाब पडला की तिथूनच चीर जाते. म्हणून मऊ चांदीच्या पातळ पट्टीचं कोंदण बरं. झाळकाम (धातूची जोडणी) खडा बसवण्याआधी उरकून घ्या, कारण खड्यात पाणी असतं. आच लागली की तो पांढुरका पडून सोलतो. सफाईसाठी अल्ट्रासॉनिक (ध्वनिकंपनांचं) यंत्र आणि वाफ दोन्ही वर्ज्य. याला जुनी दंतकथा नाही. ‘ऊर्जा’ वगैरे अलीकडच्या दुकानदारांची भर.

अंगठी हवी असेल तर अकीकच. अपोफिलाइट कानात किंवा गळ्यात घालावा, तोही रोज नव्हे.